डाव्या हाताचं फूल

खरं सांगते, त्या दिवसांत देवावरचा माझा भरवसा पार उडाला होता. ह्यांना, म्हणजे माझ्या यजमानांना, लकवा मारला आणि उजवी बाजू गेली. नागपुरात बेसाला आमच्या चौथ्या मजल्यावरच्या घरी आणताना डॉक्टरांनी बजावलं होतं, "हातापायांसारखंच मनाकडेही बघा. या आजारात माणूस आतून खचतो. गप्प झाले, जेवण तुटलं, तर लगेच सांगा." मी मान हलवली. मी आहे ना सगळं करायला, मग मन कशाला खचेल? शहाणीच मी!

आणि सगळं केलंच. घास भरवले, गुंड्या लावल्या, पेपरही मीच धरला. एका सकाळी हे भिंतीला धरत देवघरापर्यंत आले. चाळीस वर्षं पूजा ह्यांचीच. डाव्या हातानं जास्वंद उचललं, तशी मी ओरडले, "अहो, डाव्या हातानं नका वाहू!" फूल काढून घेतलं आणि स्वतःच वाहिलं. आमच्याकडे देवाचं काही डाव्या हातानं करत नाहीत, एवढंच माझ्या डोक्यात. त्या दिवसापासून ह्यांचं बोलणं तुटलं. दोन घासांवर ताट सरकवू लागले. मग एका दुपारी गॅलरीकडे बघत म्हणाले, "मले काहून वाचवलं वं?"

का वाचवलं, म्हणे! गॅलरीला कुलूप घातलं, किल्ली पदराला बांधली, गोळ्यांचा डबा लपवला. आंघोळीला गेले तरी मधेच नळ बंद करून कानोसा घ्यायची. गॅलरीतल्या तुळशीला पाणी घालायलाही दार उघडायची भीती वाटे. डॉक्टरांना सांगावं, तर लोक काय म्हणतील याची भीती. देवापुढे बसे, पण तोंडातून शब्द फुटत नसे.

एका गुरुवारी सदरच्या दवाखान्यातून ह्यांचा व्यायाम आटोपून परतताना फुलवालीपाशी ऑटो थांबवला. आमचा रोजचा हार तिचाच, पण मुलगा ऑफिसातून येताना आणायचा. मी तिला पहिल्यांदाच पाहिलं. दोरा दातात, उजवा हात मांडीवर निपचित. तिनं ह्यांच्यापुढे झेंडू धरला. मी घाईनं म्हटलं, "त्यांचा हात चालत नाही."

"मंग डावा हाय ना, बाई! माहा बी लकव्यानं गेला. दोन वर्सं झाले, डाव्या हातानंच हार बांधून राहिली. देवानं एक बी वापस नाही केला."

अगं बाई! म्हणजे इतके दिवस मी हात जोडून देवाला घातलेला प्रत्येक हार डाव्या हाताचाच होता. ह्यांना ते माझ्या आधी उमगलं असावं. ओठांचा एक कोपरा हलला, आणि डाव्या हातानं ह्यांनी तो झेंडू घेतला. तिचं नाव विचारायचंही मला सुचलं नाही.

ऑटो तसाच डॉक्टरांकडे नेला. रडत रडत कुलपासकट सगळं सांगितलं. मनाचं औषध सुरू झालं, आणि ह्यांचं काम ह्यांनाच करू द्या, अशी तंबीही मिळाली. पूजा ह्यांच्याकडे परत गेली. फूल कधी देवाच्या पायाशी पडतं, कधी समईत. मी हात मांडीखाली दाबून बसते.

काही आठवड्यांनी हे म्हणाले, "किल्ली दे वं. तुळस वाळून राहिली."

पदराची गाठ सुटता सुटेना. देवा, आता तूच बघ, म्हटलं आणि किल्ली त्या डाव्या हातात ठेवली. दोन पावलं मागे उभी राहिले. ह्यांनी कुलूप काढलं, कुंडीत गडू रिकामा केला, काठ्या झालेल्या तुळशीकडे बघितलं आणि म्हणाले, "उद्या बी मीच घालीन."

त्या 'उद्या'साठी मी अजून रोज देवापुढे डोकं टेकते.