माझ्या गाडीतला दुसरा ब्रेक

मंडळी, आजपासून बाबांवर हसणं बंद.

बाबा एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. माझ्या शेजारी बसले, की अख्खा रस्ता त्यांचा उजवा पाय नसलेला ब्रेक दाबत असतो. ट्रक दिसला की दाब, वळण आलं की दाब. त्या जागेवरची मॅट झिजून पार पातळ झाली आहे.

आज दुपारी नागपूरहून मंगरूळपीरला येत होतो. महामार्गावर धनजच्या आसपास असा पाऊस कोसळला, की वायपर फिरूनही काच पांढरीच. रस्ता मात्र सिमेंटचा, मोकळा.

"शंभरनं कायले चालवून राह्यली? हळू घे," बाबा म्हणाले.

"बाबा, ही तुमची एसटी नाही," मी ऐटीत म्हटलं.

पुढच्याच मिनिटाला गाडी साचलेल्या पाण्यावर गेली आणि स्टेअरिंग एकदम हलकं झालं. गाडी चालत नव्हती, तरंगत होती. मी ब्रेक दाबणार, तोच बाबांचा शांत आवाज आला, "ब्रेकले पाय लावू नको. रेसवरचा पाय काढ. स्टेअरिंग सरळ धर, माय."

दोन-तीन सेकंदांत चाकांनी पुन्हा रस्ता धरला.

तेव्हा खाली लक्ष गेलं. बाबांचा तो पाय मॅटपासून वीतभर वर, हवेतच होता.

"बाबा, पाय ठेवा आता खाली."

"आधी तू साठवर ये."

मी साठवर आले. पाय खाली आला, थेट त्यांच्या ब्रेकवर.

मॅट मी बदलणार नाही. तुमच्या गाडीतला दुसरा ब्रेक कोणाच्या पायाखाली आहे?