आक्काची पसंती

माझ्या बायकोची थोरली बहीण, आमची आक्का, हिच्यापुढं तोंड उघडून जिंकलेला माणूस सोलापुरात अजून जन्मायचा आहे. मी चार यत्ता शिकलेला, पण माणसं पुष्कळ पाहिली. असली दुसरी नाही पाहिली. भाजीवालीकडचं वांगं ती नाकाला लावायची आणि म्हणायची, "बाई, हे कालच मेलंय की." गल्लीत कुणाची पोरगी बघायला पाहुणे आले की लोक आधी आक्काला बोलावून न्यायचे. ती नवऱ्या मुलापुढं आपल्या हातची कडक भाकरी ठेवायची, पापडासारखी पातळ, आणि कान देऊन बसायची. मोडताना भाकरी कडाडली तर मुलगा तापट, हळू मोडली तर पसंत. माझी भाकरी शेजारच्या घरात ऐकू गेली होती. सासऱ्यांनी तरीही पोरगी दिली, पण आक्कानं ते कधी विसरू दिलं नाही. आमचा संसार चांगला झाला तर म्हणायची, "धाकटीनं निभावलं, पावणं. तुमचं त्यात काय न्हाय." खरंच होतं ते.

धाकटी, म्हणजे माझी बायको, वारली. त्याच्या पुढच्या वर्षी आक्का रॉकेलवाल्याशी भांडता भांडता पायरीवरून पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशनला नेणाऱ्या वॉर्डबॉयला म्हणाली, "हळू रं. मी काय सुताचं गठुडं न्हाय." एवढी शुद्धीत गेलेली बाई. दुसऱ्या दिवशी मला विचारते, "पावण्यांचं गाव कुटलं म्हनायचं?" मला चेष्टा वाटली. मग तिनं ताटलीतली पावाची फोड माझ्या हातात दिली. "मोडा." मोडली. पाव कशाला वाजतोय. आक्का आपल्या सुनेकडं वळून म्हणाली, "पोरगं लई गरीब सोभावाचं हाय. धाकटीला देऊन टाका."

सून रडायला लागली. माझी मात्र, खोटं कशाला सांगू, छाती फुगली. एवढ्या वर्षांनी पास झालो होतो.

डॉक्टर म्हणाले, "कापलेलं भरून काढायला अंगातली फौज उठते. म्हातारपणी ती लवकर शांत होत नाही, तिची झळ मेंदूला लागत असावी. नक्की कुणालाच माहीत नाही. काहींचं डोकं पूर्ण ताळ्यावर येतं, काहींचं थोडं राहून जातं."

आक्काचं पुष्कळ आलं. पाय चालला, जीभ तर त्याच्या आधी चालली. मला नावानिशी ओळखून शिव्या दिल्या त्या दिवशी मी गल्लीत पेढे वाटले. फक्त धाकटी गेली, एवढं तिच्याकडं परत आलं नाही. एकदा सांगितलं, तर ऊर बडवून रडली. सकाळी उठून पुन्हा, "धाकटी कुटं हाय?" तेव्हापासून मी सांगतो, जेऊरला गेली, भाचीच्या बाळंतपणाला.

परवा चहाची कपबशी माझ्यापुढं सरकवून म्हणाली, "एवढ्या उन्हाचं एकटीला कशाला धाडली वं, पावणं? तुमी सोबत जायचं न्हवतं व्हय?"

तिला उलट उत्तर द्यायची मला जन्माची सवय.

"जायला पायजे हुतं, आक्का," म्हटलं.