साकवापलीकडची शाळा

करोनाच्या पहिल्या वर्षी माझी मेडिकलची वर्गमैत्रीण गेली. संगमेश्वर तालुक्यातल्या तिच्या दवाखान्यात ती शेवटपर्यंत पेशंट तपासत होती. बातमी आली तेव्हा पुण्यात आमची इमारत पत्रे ठोकून बंद केलेली होती. मी खिडकीशी उभी राहिले आणि मला ऐंशीच्या दशकातलं ते एक वर्ष आठवलं.

कॉलेजात आमचे रोल नंबर लागोपाठचे, म्हणून डिसेक्शनच्या टेबलावर आम्ही समोरासमोर. मी घाटावरची, वकिलाची मुलगी. ती कोकणातली, बाप मुंबईला गिरणीत. इंग्रजी बोलताना अडखळायची, पण हात माझ्यापेक्षा कितीतरी स्थिर. पास झाल्यावर सरकारी बॉण्डचं एक वर्ष खेड्यात काढायचं होतं. ती म्हणाली, "माझ्याच भागात मागून घेऊ. दोघी असलो की वर्ष कधी गेलं कळणार नाही."

आरोग्य केंद्राला लागून एका खोलीचं क्वार्टर होतं. दोन खाटा, एक स्टोव्ह, मागे करवंदीची जाळी. एसटी दिवसातून दोनदा यायची, पावसात तीही नाही. तिसऱ्याच महिन्यात मी राजीनामा लिहून बॅगेच्या तळाशी ठेवला. रोज काढून वाचायची आणि परत ठेवायची. तिला ते ठाऊक होतं.

श्रावणात एका सकाळी नदीपलीकडच्या वाडीतून एक माणूस धावत आला. "बाय, लवकर चला. माझी म्हातारी आवस उठत नाय. घराघरांत जुलाब लागलेत." आम्ही दोघी आठ बाटल्या सलाईन, सुया आणि गोळ्या घेऊन निघालो. नदीवर लाकडी साकव होता, खालून पाणी त्याला घासून जात होतं. मी डोळे मिटून तिचा पदर धरून तो ओलांडला.

वाडीत एकच पक्की जागा होती, एका खोलीची शाळा. तिथे गोणपाटावर पेशंट झोपवले. दुपारपर्यंत अकरा जण झाले. आम्ही दोघींनी सलाईन लावायला घेतलं, तेवढ्यात मास्तर दारात येऊन म्हणाले, "साकव गेला."

त्यानंतरचे तीन दिवस मला आजही नीट सांगता येत नाहीत. पावसामुळे खिडक्या बंद, एकच दार आणि त्या दारातही माणसं. वास असा की घशात बसायचा. मी सारखे हात धूत होते, बोटांची सालं निघाली तरी. पाणी उकळलेलं असूनही माझ्या घशाखाली उतरेना. भिंती जवळ जवळ येतायत असं वाटायचं आणि मी फळ्याकडे तोंड करून उभी राहायची.

ती मात्र प्रत्येक पेशंटजवळ घरचं एक माणूस बसवत होती. हातात वाटी आणि चमचा. "मीठ-साखरेचं पाणी. ओकली तरी थांबायचं नाय, परत पाजायचं. कळलं ना?" गावच्या लोकांशी बोलताना तिची भाषा पार बदलायची. संध्याकाळी दोनच बाटल्या उरल्या. ज्या म्हातारीसाठी आम्ही आलो होतो ती अगदी खोल गेली होती. पलीकडे सात महिन्यांची गरोदर बाई होती, तिची नाडी लागत नव्हती.

"दोन्ही हिला," ती म्हणाली.

"आणि म्हातारीला?"

"तुला वाटत असेल तर तू ठरव."

मी काहीच ठरवलं नाही. सकाळी म्हातारी गेली. तिच्या मुलाने आम्हाला दोघींना हात जोडले, ते मला फार लागलं. गरोदर बाई दुपारी उठून बसली.

तिसऱ्या दिवशी पाणी उतरलं. माणसांनी या काठावरून त्या काठापर्यंत दोर बांधला. आणखी सलाईन आणायला दोघींपैकी एकीने जायला हवं होतं. तिने माझ्याकडे पाहिलं. "तू जा. आणि अंगात बरं नसेल तर परत येऊ नकोस, सामान तेवढं पाठव."

मी कमरेएवढ्या पाण्यातून दोर धरून आले. कंपाउंडरबरोबर सलाईनच्या दोन पेट्या पाठवल्या आणि सांगितलं, "बाईंना सांगा, मला ताप भरलाय."

ताप नव्हता. मी आंघोळ केली, जेवले, आणि खाटेवर पडून राहिले. दुसऱ्या दिवशी उठून जाता आलं असतं. तिसऱ्या दिवशीही. मी पायात चपला घालून अंगणापर्यंत जायची आणि परत यायची.

ती आठव्या दिवशी आली, डोळे खोल गेलेले. आणखी कोणी दगावलं नव्हतं. पिशवी खाली ठेवून तिने विचारलं, "ताप उतरला?"

"हो."

एवढंच. पुढचे आठ महिने आम्ही त्याच खोलीत राहिलो. तिने तो विषय काढला नाही, मीही नाही. ती चहा पुढे करायची, माझ्या वाटणीचे पेशंट तपासायची, आणि मला त्या खोलीत श्वास घ्यायला जागा उरायची नाही. तिने एकदा शिवी दिली असती तर मी सुटले असते. राजीनामा मी फाडून टाकला. तिला एकटी टाकून दुसऱ्यांदा जायचं धाडस नव्हतं. बॉण्ड संपल्यावर मी पॅथॉलॉजी घेतली, म्हणजे पेशंटच्या उशाशी बसावं लागणार नाही. ती तिथेच राहिली. वर्षाकाठी एखादा फोन व्हायचा.

लॉकडाऊन लागल्यावर मीच तिला फोन केला. म्हटलं, "दवाखाना बंद ठेव. आपलं वय झालंय." ती हसली. मग कसं कोण जाणे, माझ्या तोंडून गेलं, "मला तेव्हा ताप नव्हता."

"माहितेय. कंपाउंडर दुसऱ्या खेपेला आला तेव्हा बोलला होता, बाई जेवल्या नि मासिक वाचत बसल्यात."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तू बॅग उचलून गेली असतीस. मी एकटीने काय केलं असतं? मला कमी भीती वाटत होती का? पण तुला परत जायला घाटावर घर होतं. माझं घर त्याच नदीच्या काठी. मी पळून जाणार कुठे?"

तिला मागून कोणीतरी हाक मारली. ती म्हणाली, "बरं, बाहेर माणसं खोळंबलीत," आणि फोन ठेवला.

महिन्याभराने ती गेली. मला जिल्ह्याबाहेर जायचा पास मिळाला नाही. रस्ते सुरू झाल्यावर गाडी करून तिच्या घरी गेले. तिचे यजमान अंगणात बसले होते. म्हणाले, "मला हॉस्पिटलच्या गेटातनं आत सोडलं नाही. लांबूनच तिला नेणारी गाडी बघितली." मी पायरीवर टेकले. मग ते उठले, "कुळथाचं पिठलं नि भात आहे, चालेल ना?" मी हो म्हटलं आणि पानं घ्यायला त्यांच्यामागे आत गेले.