काकूंच्या कानाजवळचा दिवा

आमच्या गल्लीतल्या पेंटरकाकांनी उभ्या आयुष्यात बंदूक हातात धरली नाही. पण गावातल्या झाडून सगळ्या नेमबाजांनी गोळ्या घातल्या, त्या काकांच्याच कामाला! त्या काळी आमच्या नेमबाजी मंडळाच्या वार्षिक सामन्यात नेम धरायचा तो चित्रावर. काका लाकडी फळीवर कधी तळ्यातलं बदक रंगवत, कधी टेकडीवरची पवनचक्की. चित्रात कुठेतरी एक पिवळा ठिपका असे. प्रत्येकाला एक गोळी. ठिपका फोडणाऱ्याचं नाव लिहून ती फळी भोकासकट मंडळाच्या हॉलमध्ये टांगत. काका तिथे जाऊन प्रत्येक बदकाकडे असे बघत, की जणू दवाखान्यात भेटायला आलेत.

काका कायम ढगात. काकूंनी मीठ आणायला धाडलं, तर रिकाम्या हाताने परत येत.

"मीठ?"

"अगं, आभाळाला आज काय जांभळी किनार होती!"

"मग तीच घालते भाजीत."

मंडळाचे चिटणीस पेशाने घड्याळजी. त्यांना ढग आवडत नसत. ढगांना काटे नसतात. एके दिवशी ते दुकानातून उठून आलेच.

"पेंटर, बाहेरगावची मंडळं काळ्या वर्तुळावर नेम धरतात. सगळीकडे एकच माप, एकच गुण. तिकडे वर्तुळं आणि इथे बदकं! सामना खेळायचा कसा? यंदा चित्राला ही शेवटची संधी. यावर कोणी चोख जिंकला, तर पुढेही चित्रं. नाहीतर वर्तुळं."

काका जिवाचं रान करून कामाला लागले. सामन्याच्या दिवशी फळीवरचं कापड निघालं. मावळतीची खिडकी, वर एक गुबगुबीत ढग, खिडकीत डुलकी घेणाऱ्या काकू आणि त्यांच्या कानाशी एक दिवा. पिवळा ठिपका म्हणजे दिव्याची ज्योत.

"अहो! मला गोळ्यांपुढे उभी केलीत?" काकू कडाडल्या.

"उभी कुठे? बसलीयस. नेम दिव्यावर आहे."

"दिवा कानाला चिकटलाय माझ्या!"

"उजेड तिथूनच छान पडतो गं."

पहिला आला पाववाला. त्याने बंदूक उचलली, खाली केली, पुन्हा उचलली. "झोपल्यात हो त्या," असं पुटपुटून त्याने गोळी ढगात घातली. दातांचे डॉक्टर म्हणाले, "यांची दाढ मीच बसवलीय, तिला धक्का नको." त्यांचीही गोळी ढगात. पुढचा प्रत्येकजण असाच. ढगाची चाळणी झाली, पण काकूंच्या केसालाही धक्का नाही.

शेवटी चिटणीस. यांचा नेम आजवर चुकला नव्हता. ऊन कलून फळीवर आलं आणि रंगातला दिवा खरंच लागल्यासारखा दिसू लागला. चिटणीस किती वेळ नेम धरून उभे राहिले, कोण जाणे. मग त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. गोळी चौकटीला लागली.

"वारा होता," ते म्हणाले. झाडाचं पानही हलत नव्हतं. मग आवाज चढवून म्हणाले, "बघितलंत? चित्रावर नेमबाजी होत नाही!"

पेंटर सपशेल हरला होता, तोही सगळ्यांच्या मायेपायी. विजेता नाही, म्हणून फळी हॉलमध्येही लागेना. काका ती डोक्यावर घेऊन घरी आले. काकूंनी चाळणी झालेल्या ढगावरून हात फिरवला आणि फळी चुलीसमोरच्या भिंतीवर टांगली.

दुसऱ्या वर्षी काका कंपास घेऊन काळी वर्तुळं रंगवायला बसले. काळ्यात निळा मिसळत होते, हळूहळू, रात्र मिसळावी तसा. काकू पाठीमागे येऊन उभ्या राहिल्या.

"यात मी कुठाय?"

"आतच आहेस. दिवा मालवून झोपलीयस."

काकूंनी वाकून त्या काळ्या गोलात डोकावून बघितलं.

"मग चिटणिसांना सांगा, गोळ्या हळू मारा म्हणावं. झोपमोड होते."