जठारपेठेतलं शास्त्रशुद्ध खुराडं

हे किस्से मला नीट आठवतात की नाही, याची मलाच खात्री नाही. खुराड्याचं छप्पर उडालं ते जाळी बसवण्याच्या आधी की नंतर, यावर आमच्या घरात आजही दोन मतं आहेत, आणि हिचं मत बरोबर असण्याची शक्यता जास्त आहे. पण अकोल्यात परसदारी कोंबड्या असल्या आणि भिंतीपलीकडे निवृत्त वकील असला, की किस्से शोधावे लागत नाहीत. एक सांगून होईपर्यंत दुसरा पायात येतो!

तर, मी आयुष्यभर अमरावतीला एका इंजिनिअरिंग कॉलेजात हवा आणि पाणी कसं वाहतं ते शिकवलं. पीएच.डी.सुद्धा त्यातच. निवृत्त होऊन जठारपेठेत राहायला आलो, तेव्हा हिने, म्हणजे शालिनीने, अकोटच्या माहेराहून सहा गावरान कोंबड्या आणल्या. जुन्या पत्र्याच्या खोक्यात ठेवल्या. पहिल्याच मे महिन्यात त्यातल्या तीन एका दुपारी गेल्या. त्या दिवशी ही जेवली नाही.

पुण्याहून आमच्या मुलाचा, नितीनचा, फोन आला. "बाबा, तिथे कोंबड्या टिकत नाहीत, तुम्ही दोघं काय टिकणार? घर विका आणि इकडे या."

नितीनचा फ्लॅट चौदाव्या मजल्यावर. मला घाबरायला दुसरा मजलाही पुरतो. आणि घाबरलो की मी नको ते बोलतो. म्हणालो, "पुढच्या उन्हाळ्यासाठी मी स्वतः खुराडं डिझाइन करतो. त्यात एक जरी कोंबडी उन्हाने मेली, तर आम्ही पुण्याला येतो!"

"शब्द?"

"शब्द!"

फोन ठेवला तर समोर ही उभी. "तुमाले कोनं सांगतलं होतं असं बोलाले? शब्द तुमचा, अन् जीव माह्या कोंबड्यायचा?"

*

अकोटहून मेहुण्याने आणखी तीन कोंबड्या पाठवल्या आणि मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. पहिला प्रश्न वळचणीचा. छप्पर भिंतीच्या बाहेर किती काढायचं? कमी काढलं तर ऊन आत, जास्त काढलं तर वारा अडणार. मी सूर्याचे कोन काढले, आकृती केली आणि रशीदभाई वेल्डरला दिली.

रात्री मला शंका आली. सकाळी फोन केला, "रशीदभाई, वळचण थोडी वाढवा." दुसऱ्या दिवशी पुन्हा शंका. पुन्हा फोन. तिसऱ्या दिवशी रशीदभाईच घरी आले. कपाळाचा घाम पुसत म्हणाले, "सर, एक डाव नक्की सांगून टाका. कोंबड्या ठेवून राहिले का ट्रॅक्टर?"

*

एवढं करून एक गोष्ट माझ्या लक्षातून सुटली. सगळे कोन मी भर दुपारचे काढले होते. बारा वाजता खुराड्यात अशी गार सावली की मीच आत बसलो असतो! पण चार वाजता पश्चिमेचं ऊन वळचणीखालून सरळ आत शिरलं. सहाही कोंबड्या एका खांबाच्या सावलीत एकामागे एक उभ्या!

पलीकडचे देशपांडे वकील भिंतीवरून डोकावले. म्हणाले, "प्रोफेसर, इतकी शिस्त तुमच्या वर्गात तरी होती काय?"

वकीलसाहेब शुद्ध शाकाहारी. तरी खुराड्याच्या प्रत्येक गोष्टीत त्यांचं मत असे. एकदा मी चिडून विचारलं, तुमचा यात संबंध काय?

"मी अंडं खात नाही," ते म्हणाले, "म्हणून या प्रकरणात निःपक्षपाती माणूस मी एकटाच!"

*

मग हवा खेळती ठेवायचा प्रश्न. तत्त्व सोपं आहे. गार हवा खालच्या जाळीतून आत यावी, तापलेली हवा वरच्या झरोक्यातून निघून जावी. पण ती खरंच तशी जाते का, हे कळणार कसं? कॉलेजात यासाठी धुराचं यंत्र होतं. इथे मी उदबत्त्यांचा पुडा आणला. खुराड्याच्या चारी कोपऱ्यांत उदबत्त्या लावल्या, आणि मी आणि वकीलसाहेब पाटावर बसून, हात गुडघ्यावर ठेवून, धूर कुठे जातो ते एकटक पाहत राहिलो. आत कोंबड्याही गंभीर होत्या.

समोरच्या गावंडेवहिनी फाटकातून आत आल्या. आमच्याकडे पाहिलं, उदबत्त्यांकडे पाहिलं, कोंबड्यांकडे पाहिलं. चप्पल काढून त्यांनी हात जोडले आणि हिला हळूच विचारलं,

"नवस फेडून राहिले का वो? मंग जेवाले कधी यायचं?"

कोंबड्यांपैकी दोघींनी त्या दिवसापासून अंडी द्यायचं बंद केलं. योगायोग असेल.

*

पश्चिमेच्या उन्हावर उपाय म्हणून मी त्या बाजूची वळचण आणखी वाढवली. रशीदभाईंनी या वेळी जादा पत्रा आधीच कापून ठेवला होता.

मग अवकाळी वादळ आलं. लांब पत्र्याखाली वारा शिरला की तो पत्रा वर उचलतो, हे मी पोरांना दरवर्षी फळ्यावर आकृती काढून सांगत असे. आता प्रात्यक्षिक झालं! आख्खं छप्पर उठलं, लिंबाच्या झाडाला वळसा घालून गेलं आणि वकीलसाहेबांच्या अंगणात उतरलं. कोंबड्या जागच्या जागी बसून आभाळाकडे पाहत होत्या.

मी धावत गेलो. तोवर वकीलसाहेबांनी छप्पर चार विटांवर टेकवून त्याखाली स्वतःची स्कूटर लावलीसुद्धा होती.

"माझं छप्पर!" मी म्हणालो.

"माझ्या हद्दीत स्वतःच्या पायानं आलं. कबजा माझा. दावा लावा!"

"अहो, कोंबड्या उघड्यावर आहेत!"

"त्याहीले पक्षकार करा."

शेवटी हिने ताटभर गरम भजी पाठवली, तेव्हा कोर्टाबाहेर तडजोड झाली.

*

उन्हाळा आला आणि माझी झोप गेली. खुराड्यात थर्मामीटर टांगला होता. संध्याकाळी पाच वाजता पाहावं, तर आत आणि बाहेर जवळपास सारखंच! एखाद्या दिवशी आत एक डिग्री जास्त. म्हणजे माझ्या डिझाइनचा काहीच उपयोग नव्हता. पण कोंबड्या? सहाच्या सहा टुणटुणीत! संध्याकाळी अंगणात अशा फिरायच्या, जणू चिखलदऱ्याच्या थंड हवेतून आल्यात.

"हे कसं शक्य आहे?" मी वकीलसाहेबांना विचारलं.

"खून झाला नाही, मुडदा नाही," ते म्हणाले, "तुमी खटला कशाचा चालवून राहिले?"

जून आला. एकही कोंबडी गेली नाही. मी नितीनला फोन करून कळवलं. तो म्हणाला, "एका उन्हाळ्याने काय होतं? शर्त दरवर्षी चालू!" तेव्हापासून होळी झाली की त्याचा फोन येतोच. "बाबा, शर्त आठवते ना?"

माझ्या जुन्या कॉलेजने तर मला खुराड्यावर भाषण द्यायला बोलावलं. मी आकृत्या दाखवल्या, आणि खोटं बोलता येत नाही म्हणून थर्मामीटरचे आकडेही दाखवले. शेवटच्या बाकावरची एक मुलगी उठली.

"सर, डिझाइन तर नापास आहे. मग कोंबड्या पास कशा झाल्या?"

मी पाणी प्यालो आणि म्हणालो, "पुढचा प्रश्न!"

*

त्या प्रश्नाचं उत्तर मला बरीच वर्षं मिळालं नाही. मिळालं ते गेल्या मे महिन्यात.

निवृत्त झाल्यापासून दुपारी जेवण झालं की मी कानाचं मशीन काढून ठेवतो आणि कूलरसमोर आडवा होतो. पाचपर्यंत मला कसलीच शुद्ध नसते. त्या दिवशी मशीन काढायचं विसरलो. तीनच्या सुमारास लाइट गेली, कूलर बंद पडला आणि त्या शांततेने मला जाग आली.

मी डोळे किलकिले केले. कूलरसमोर ओलं पोतं अंथरलेलं. त्यावर सहा कोंबड्या रांगेत, माना ताणून, बंद पडलेल्या कूलरकडे पाहत. सातवी, त्या वर्षी नवीन आलेली, माझ्या चपलेवर. आणि ही पाटावर बसून सुपाने त्यांना वारा घालत होती. घामाने तिचं लुगडं पाठीला चिकटलं होतं.

एक कोंबडी कुरकुरली. दुसरीने तिला साथ दिली. हिने घाईघाईने खाटेकडे पाहिलं. मी डोळे मिटून घेतले.

"गप ऱ्हा वं बायांनो!" ती कुजबुजली. "ह्यायले समजलं, तं आपल्या साऱ्यायले पुण्याले जा लागन!"