कढीपत्त्याची कुंडी

अंबाल्यात थंडी सुरू झाली की आम्ही कढीपत्त्याची कुंडी अंगणातून घरात आणतो. साताऱ्याहून हे रोप मी मांडीवर घेऊन आले होते. इथल्या थंडीत ते करपेल म्हणून कुंडीतच ठेवलं. शिवाय भाड्याच्या घरात जमिनीत कोण झाड लावतं?

आज संध्याकाळी आम्ही दोघांनी कुंडीला हात घातला, तर ती हलेचना. ह्यांनी वाकून पाहिलं. बुडाच्या भोकातून मुळं बाहेर पडून थेट अंगणात शिरली होती.

घरमालकीण बीजींना हे घर विकायचंय. "पहला हक़ तुम्हारा," म्हणतात, आणि उद्या त्यांना उत्तर हवंय. मला इथलं कोवळं ऊन आवडतं, लाल गाजरं आवडतात, बीजीही आवडतात. पण घर घ्यायचं म्हटलं की सातारा आठवतो, आणि साताऱ्याला गेलं की चार दिवसांत हे अंगण आठवायला लागतं. अशा माणसानं घर घ्यावं तरी कुठं? भाड्यानंच राहावं, तर म्हातारपणी पुन्हा सामान कोण बांधणार?

हे जाऊन खुरपं घेऊन आले. "मुळं कापू का?"

"थांबा जरा."

"म्हणजे घर घ्यायचं?"

"तसं कुठं म्हटलं मी?"

हे तसेच खुरपं घेऊन उभे राहिले. मी आतून एक जुनी साडी आणली आणि झाडाला पांघरली. अंगणात कुणी पाहुणी आलीय आणि बसावं की निघावं हे तिलाच कळत नाहीये, असं ते दिसायला लागलं.