आईची सायोनारा

शेवंतीचा कडवट वास आला की मला मखमलाबादच्या मळ्यातली ती सकाळ आठवते. सातपूरचा आमचा कारखाना बंद पडला होता आणि चाळिशी उलटल्यावर मी जपानी शिकायला, जमलंच तर काम शोधायला, जपानला निघालो होतो. ओट्यावर आई बाजाराच्या पाट्यांत फुलं भरत होती, बोटं ओली नि पिवळी. मी म्हणालो, "आई, येतो." "तिकडं निघताना काय म्हणतात रे?" तिनं विचारलं. मी सांगितलं, निघणारा म्हणतो 'इत्ते किमास', म्हणजे जाऊन येतो, आणि घरातल्यानं म्हणायचं 'इत्ते राशाय', म्हणजे जाऊन ये. "आपल्यावानीच हाय की!" पण तो शब्द काही तिच्या जिभेवर बसेना. शेवटी रेडिओवर ऐकलेला एकच जपानी शब्द तिला ठाऊक होता, तो तिनं हात हलवत म्हटला, "सायोनारा!" ती, मी, पाट्या उचलणारा भाऊ, सगळेच हसलो. त्याच थंडीत ती गेली. भावानं बूथवरून फोन केला, पण माझं तिकीट जमेपर्यंत सगळं उरकलं होतं. पुढे वर्गात बाईंनी सांगितलं, घरच्या माणसाला सायोनारा म्हणत नाहीत. पुन्हा भेट होईल याची खात्री नसली की म्हणतात. त्या सकाळी आम्हा दोघांत बरोबर जपानी बोलली ती आईच.